जिव्या सोमा म्हसे : आईची भिंत, बापाचं नाव

मराठी नावांची एक गंमत आहे. माणसाचं स्वतःचं नाव आणि आडनाव ह्यांच्या मधे त्याचा बाप बसलेला असतो. रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, सगळीकडे तो येतोच. आई मात्र ह्या ओळीत कुठे नसते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय घेतला आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचंही नाव आलं. म्हणजे आपल्या आणि आपल्या आधीच्या सगळ्या पिढ्या ह्या बाबतीत बिनआईच्याच.

जिव्या सोमा म्हसे हे नाव वाचलं की मला हे आठवतं. जिव्या म्हणजे तो चित्रकार, ज्याच्यामुळे वारली चित्रं जगभर गेली. सोमा त्याचा बाप. आणि ज्या बाईच्या मरणापासून ह्या चित्रकाराची गोष्ट सुरू होते, तिचं नाव ह्या तीन शब्दांत नाही. त्याच्याबद्दल लिहिलेल्या मजकुरातही ती बहुतेक ठिकाणी फक्त 'आई' म्हणूनच येते.

(त्यांच्या लहानपणाबद्दल लिहिताना मी 'जिव्या' असंच म्हणणार आहे. पुढे ते जिव्याबाबा होतील. अनादर नाही, हे सांगायला नकोच.)

आधी जागा सांगते. पश्चिम रेल्वेने गुजरातकडे जाताना महाराष्ट्रातल्या अगदी शेवटच्या स्टेशनांपैकी एक म्हणजे डहाणू रोड. आपल्याला डहाणू आठवतं ते चिकूसाठी आणि समुद्रासाठी. पण स्टेशनातून समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघालं की कासा-जव्हारच्या रस्त्यावर गंजाड लागतं. गंजाडचा एक पाडा म्हणजे कलंबीपाडा. जिव्याबाबांचं घर इथलं. त्यांचा जन्म मात्र इथला नाही. तो १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.

जिव्या साधारण सात वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि त्याने बोलणंच सोडलं. काही वर्षं तो बोललाच नाही. काय हवं-नको ते मातीत, धुळीत रेघा ओढून दाखवायचा. ही हकिगत त्याच्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी सांगितली आहे, आणि ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता जरा दंतकथेसारखी वाटते. मुका मुलगा, धूळ, चित्र, मग पद्मश्री. सिनेमात शोभावं असं. पण क्षणभर थांबून विचार करा. सात वर्षांच्या मुलाने बोलण्याऐवजी चित्रंच का काढावीत? रडता आलं असतं, हातवारे करता आले असते.

मला वाटतं, ह्याचं उत्तर त्या घरांच्या भिंतींवर आहे.

वारली घर म्हणजे कुडाचं घर. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर माती आणि शेण लिंपायचं, वर गेरूचा हात फिरवायचा. आत उजेड कमीच. लग्न ठरलं की ह्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. हो, लिहायचा. वारली बोलीत चौक काढत नाहीत, लिहितात. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की झाली लेखणी. आणि लिहिणाऱ्या असतात सवासिनी, म्हणजे नवरा हयात असलेल्या बायका. चौकाच्या चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या, मधे पालघट देवी, शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, नाचणारी माणसं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

म्हणजे हा मुलगा अशा घरात वाढत होता जिथे बायका भिंतीवर लिहायच्या आणि ते लिहिलेलं देवसुद्धा वाचायचे. शाळा-पुस्तकातलं लिहिणं त्याच्या आसपास नव्हतं, हे लिहिणं होतं. आई गेल्यावर त्याला आपलं म्हणणं मांडायला जी एकमेव लिपी ठाऊक होती ती बायकांची, आयांची लिपी होती. तो मुका झाला नव्हताच असं मला वाटतं. त्याने फक्त बोलीऐवजी लेखी कारभार सुरू केला, आणि तोही आईच्या भाषेत.

आता इथे एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण तिच्याशिवाय हे चौक म्हणजे नुसतीच गोड गोड नक्षी होऊन बसते.

जिव्या धामणगावात लहानाचा मोठा होत होता तेव्हा तलासरी-डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत वारल्यांचं लग्न ही भीतीची गोष्ट होती. लग्नाला पैसे लागतात. ते जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून घ्यायचे आणि फेडता येत नाहीत म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचं नाहीच. अशा माणसांना नावच होतं, लग्नगडी. लग्न केलं म्हणून गुलाम झालेला माणूस. त्यावर वेठबिगार वेगळी. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ज्यांनी वाचलंय त्यांना हे सांगायला नको. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची सभा भरली आणि वेठ करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले.

१९४५ साली जिव्या अकरा वर्षांचा होता. आणि साधारण अकराव्या वर्षीच तो धामणगाव सोडून डहाणू तालुक्यात, कलंबीपाड्याला आला. दोन गोष्टींचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की ज्या भिंतीवर सवासिनी सुखाचा चौक लिहीत होत्या, त्याच घराचं त्या लग्नापायी काय होणार हे चौक लिहिणाऱ्या हातांना ठाऊक असायचं. तरी त्या लिहीत होत्या. पालघट देवी भरल्या घटाची देवी. घरात धान्य नसताना तिला भिंतीवर बसवायचं ह्याला मी नक्षी म्हणणार नाही.

हल्ली आपल्याकडच्या लग्नपत्रिकांवर हटकून वारली नवरा-नवरी असतात. दोन त्रिकोणांची माणसं, घोडा, सनईवाले. छान दिसतात. आमच्याही घरात अशा पत्रिका निघाल्या आहेत आणि पुढेही निघतील, माझी काही हरकत नाही. फक्त ती पत्रिका हातात आली की लग्नगडी हा शब्द मला आठवतो, इतकंच.

असो. पुन्हा कलंबीपाड्याला येऊ.

जिव्याची पुढची पंचवीस-तीस वर्षं पाड्यावरच्या इतर माणसांसारखीच गेली. शेतावरची कामं, पावसाळ्यात भात, लग्न, मुलं. आणि मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी तिथे पोचले. हा एक विलक्षण माणूस. स्वतः चित्रकार. त्याच्या आधी, १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं. तिथल्या बायका घराच्या भिंतींवर काढत ती चित्रं त्यांनी कागदावर काढावीत, ती विकली जावीत आणि दुष्काळात चार पैसे मिळावेत, हा हेतू. मधुबनी चित्रं म्हणून आपण आज जे ओळखतो ते असं कागदावर आलं. तेच कुलकर्णी नंतर वारल्यांकडे आले.

इथे एक तुलना करून बघण्यासारखी आहे. मिथिलेत कागद आला आणि बायकांची नावं झाली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. डहाणूत तसाच कागद आला, आणि नाव झालं ते एका पुरुषाचं. दोन्हीकडे भिंतीवरची चित्रं बायकांचीच होती. मग असं का व्हावं?

माझा अंदाज असा. सवासिनीचा चौक मोकळा नसतो. तो कधी लिहायचा, कुठे लिहायचा, त्यात काय असलंच पाहिजे हे ठरलेलं आहे. लग्न नसताना उगाच चौक लिहायचा नाही. जिव्यावर ते बंधन नव्हतं, कारण मुळात ते त्याचं कामच नव्हतं. बायकांची लिपी तर त्याला येत होती, पण बायकांचे नियम त्याला लागू नव्हते. त्यामुळे तो त्या लिपीत काहीही लिहू शकत होता. आणि त्याने लिहिलं. लग्न नसताना, सण नसताना, रोज उठून.

हा बदल बोलायला सोपा वाटतो, पण केवढा मोठा! चौक बघा, तो स्थिर असतो. देवी मधोमध, चारी बाजू बंद. जिव्याबाबांच्या चित्रात काहीच स्थिर नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळत जाते. भाताची लावणी, मुंग्या, पाखरं, झाडाच्या फांद्या, सगळं सळसळत असतं. माणसं, जनावरं, किडे सगळे रात्रंदिवस हलत असतात, आणि हे हलणं म्हणजेच जगणं, अशा अर्थाचं ते सांगत. त्यांचं एक चित्र त्यांनी पुन्हा पुन्हा केलं, मासे धरायच्या जाळ्याचं. अख्खा कापडाचा तुकडा बारीक बारीक रेघांच्या जाळ्याने भरलेला, आणि जाळं टाकणारा माणूस त्यापुढे इवलासा. छापलेल्या पुस्तकात ते नुसतं राखाडी दिसतं. जवळून पाहिलं की कळतं, एकेक रेघ हाताने, न कंटाळता ओढलेली आहे. हे जाळं पाहताना मला नेहमी वाटतं, ज्या मुलाने बोलणं सोडून रेघा ओढायला घेतल्या होत्या, त्याला म्हातारपणीही भरपूर सांगायचं शिल्लक होतं.

१९७५ साली मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये त्यांची चित्रं लागली. १९७६ साली फ्रान्समध्ये, मेंतोंला. त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार. इथे एक साधं गणित करा. जन्म १९३४, पुरस्कार १९७६, मृत्यू २०१८. बरोब्बर बेचाळीस आणि बेचाळीस. अर्धं आयुष्य पाड्यावरचा एक माणूस आणि अर्धं आयुष्य जगाचा चित्रकार. पण पत्ता मात्र तोच राहिला, कलंबीपाडा. २००२ साली शिल्पगुरू हा सन्मान. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रं रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताच्या कामासोबत मांडली गेली. हा लाँग चालत चालत जमिनीवर दगडमातीच्या रेषा आणि वर्तुळं करणारा माणूस. धुळीत चित्रं काढण्यापासून सुरुवात केलेल्या कलावंताला जोडीदार शोधणाऱ्याने बरा शोधला म्हणायचा! २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०१० साली पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयातलं प्रदर्शन, २०११ साली पद्मश्री. तेव्हा बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

आता बाप म्हणून ते कसे असतील ते पाहू. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू, दोघेही चित्रकार. दोघांनीही नाव मिळवलं. घरोघर जसा सुताराचा मुलगा सुतार होतो तसं हे झालं असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण इथे तसं नव्हतंच. जिव्याच्या बापाने, सोमाने, त्याला चित्र शिकवलं नव्हतं. बापाने मुलाला चित्र शिकवायचं ही गोष्टच वारल्यांत नव्हती. सासू सुनेच्या शेजारी बसायची, आई मुलीच्या, आणि चौक एका हातातून दुसऱ्या हातात जायचा. जिव्याबाबांनी आपल्या पिढीत ही वाट वळवली. गाण्यातली घराणी आपल्याला माहीत आहेत, बाप हाच गुरू, मुलगा साथीला मागे बसून शिकतो. तसं एक घराणं कलंबीपाड्याला एका माणसाच्या हयातीत उभं राहिलं, आणि ह्या घराण्याच्या मूळ पुरुषाचे गुरू होत्या पाड्यावरच्या सवासिनी.

मुलांनी बापाची दोन्ही रूपं पाहिली. राबणारा बाप, आणि परदेशातून माणसं भेटायला येतात असा बाप. नामवंत बापाच्या मुलांचं काय होतं हे आपण वाचलेलं असतं. बापासारखं केलं तर नक्कल, वेगळं केलं तर 'बाबांची सर नाही.' पण वारली चित्रात मला ह्या कोंडीतून एक वाट दिसते. ती लिपी आहे, आणि लिपीची नक्कल होत नाही. दोन त्रिकोणांचा माणूस कोणाच्या बापाचा नसतो. तो सगळ्या पाड्यांचा आहे. त्यातला हात मात्र ज्याचा त्याचा. म्हणूनच म्हसे घराण्याबाहेरही आज डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यापाड्यांवर चित्रं काढून घर चालवणारी माणसं आहेत, पुरुषही आणि बायकाही. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या भागात लग्नाचं कर्ज फेडण्यासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली, त्याच भागात लग्नाच्या चित्रावर घरं चालू लागली. इतिहास कधी कधी असा पांग फेडतो. पुरता नाही फेडत, पण थोडा तरी.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. कागद आला आणि त्याबरोबर सही आली. भिंतीवरच्या चौकाला सही नसते. चार बायका मिळून लिहितात, लग्न होतं, पुढच्या सारवणात तो पुसला जातो. कुड पडला की भिंतच जाते. जिव्याबाबांचं चित्र राहिलं, काचेमागे गेलं, त्याला साल मिळालं, त्यांच्या मुलांना वारसा मिळाला. ते ज्यांच्याकडून शिकले त्यांचं काहीच राहिलं नाही, नावही नाही. ह्यात जिव्याबाबांचा काही दोष नाही. उलट त्यांनी ते उचललं नसतं तर त्या बायकांचं लिहिणं तुम्हा-आम्हाला कळलंही नसतं. मला त्यांची सगळी चित्रं मिळून एक प्रचंड लांबलेला चौक वाटतो, आईसाठी लिहिलेला. पण तो लिहिताना मुलाच्या नावात मधे सोमाच राहिला, आणि त्याच्या मुलांच्या नावात मधे जिव्या. जगाच्या नोंदवहीला तीच एक पद्धत येते.

१५ मे २०१८ ला जिव्याबाबा गेले. वय चौऱ्याऐंशी. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, पुरस्कारांची यादी आली, मुक्या मुलाची गोष्ट पुन्हा एकदा आली.

ह्या सगळ्यावरून मी आपल्याच घरांचा विचार करत होते. चैत्रात आपल्याकडे चैत्रांगण काढायचे. सूर्य, चंद्र, फणी, करंडा, आरसा, गौरीचा पाळणा. वाचताना लक्षात आलं असेल, त्यातल्या काही गोष्टी वारली चौकातही आहेत. तेही बायकाच काढायच्या, महिनाभर, रोज, आणि रोज पुसून. आपल्या घरात ते कोणाच्या हातचं चांगलं असायचं? सासरी आल्यावर जिचं नाव बदललं, आणि नंतर जी फक्त 'काकू' किंवा 'वहिनी' राहिली, तिचं माहेरचं नाव काय होतं?

हे वाचणाऱ्या आपल्या नातेवाईकांपैकी कोणाला अशी काही नावं आठवत असतील तर मला जरूर कळवा. मी वही काढून ठेवली आहे. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सगळे त्यात आधीच आहेत. उरलेली पानं कोरी आहेत.